पूर्णेत धुतलेली फरशी

आमचे मामाजी, म्हणजे माहे सासरे, दयाराम गाडीवान. जळगाव जामोदातल्या कोण्याही जुन्या माणसाले विचारा, नांदुऱ्याच्या ठेसनावरून माल सुखरूप कोण आणे, तर त्याईचंच नाव सांगन. या माणसानं उभ्या जन्मात मले दोनच गोष्टी सांगितल्या. एक बैलाईची अन् दुसरी फरशीची. बैलाईची मी आवडीनं ऐकली. फरशीच्या गोष्टीनं मात्र माहं डोकं उठवलं.

गोष्ट अशी. मामाजी तरणेबांड होते तेव्हा इथल्या कापसाच्या शेठनं घर बांधलं अन् मुंबईहून रंगीत फरशी मागवली. लाकडी पेट्याईतून ती नांदुऱ्याले उतरली. गाडीत घालून आणायचं काम मामाजीकडे आलं. तेव्हा पूर्णेवर पूल नव्हता, गाडी पात्रातूनच काढा लागे. मधात चाक रेतीत फसलं, गाडी कलंडली, पेट्याईत पाणी घुसलं. दुसरा कोणी असता तर तशाच भिजेल पेट्या आणून आदळल्या असत्या. मामाजीनं काठावर सगळ्या उघडल्या. एकेक फरशी हातानं धुतली, उन्हात वाळवली, कोरड्या कडब्यात भरली अन् पुन्हा खिळे ठोकले. एकही फुटू देल्ली नाही.

"बने," ते मले म्हणत, "मोरपंखी रंग, अन् कोपऱ्यात लाल पाकळी. चार जोडल्या का पुरं फूल होये. काठावर मांडून पाह्यल्या ना मी! बैल सुदीक पाहून राह्यले होते."

"बैल चारा पाहत असतीन, मामाजी," मी म्हणे.

"तुले काय समजते!"

पण घरात बसवलेली फरशी काही त्याईनं पाह्यली नाही. कशी पाहतीन? आमची वस्ती तेव्हा गावाबाहेर. माल ओट्यापाशी उतरवायचा, अन् तिथूनच मागं फिरायचं. पुढं शेठच्या घरावरून गाडी नेतानी ते मान लांब करून आत पाहत. दिसे फक्त अंधार.

मंग छप्पन साल आलं, आमी बुद्धाचे झालो. आमचे मालक, मामाजीचे लेक पंजाबराव, शिकून मास्तर झाले. शेठ गेला, त्याचे लेकरं नागपूरले गेले, घर कुलपात पडलं. ज्या साली जिल्हा परिषदा झाल्या त्या साली मास्तरनं थेच घर घेतलं. गल्लीत कुजबुज झाली, दोघं-तिघं तोंड वाकडं करून बसले, पण कागद झाला होता. मामाजीले कागदाचं काही नव्हतं. त्याईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकेल होता अन् दुसऱ्याचंही काही खरं नव्हतं. "पुरी फरशी एकदा पाहून घेतो, मंग डोळे जावोत का राहोत," एवढंच त्याईचं म्हणणं.

आमी कुलूप काढलं. मामाजी सगळ्याईच्या आंधी आत घुसले, चष्मा पुसला, खाली पाह्यलं. अन् काय? शेणानं सारवेल जमीन! आमच्या जुन्या झोपडीत होती तशीच.

"फरशी कुठी गेली?" ते म्हणाले.

"विकली असन, बाबा," मास्तर म्हणाले.

मामाजी जे भिंतीले टेकून बसले ते जेवाले उठले नाही. मले त्याईचा राग आला, अन् खरं सांगू, शेठचाही आला. इतकी आणलेली वस्तू, अन् विकून खाल्ली का यायनं?

पंधरा-वीस दिवस गेले असतीन. मी माजघरात उखळ गाडाले खड्डा खणून राह्यली होती. पहार टण्णकन वाजली. मले वाटलं गोटा असन, म्हणून आणखी एक जोरात हाणली. माती बाजूले केली तर खाली मोरपंखी रंग, अन् त्याच्या मधातून आरपार तडा.

"मामाजी!" मी बोंबलली. ते धडपडत आले, गुडघ्यावर बसले, बोटानं माती काढली. मंग तडा पाह्यला.

"फोडली ना बे तू!" सुनेले बे म्हणाले ते. पुऱ्या जन्मात पह्यल्यांदा. "पूर्णेनं फोडली नाही, अन् तू फोडली!"

घ्या! सापडवून कोणी देल्ली, त्याचं काहीच नाही.

तेव्हापासून माह्या हाडाची काडं झाली. तो थर काय थर होता बापा! वर शेण, खाली पांढरी माती, तिच्याखाली पुन्हा शेण. एक पापुद्रा काढा का खाली दुसरा तयार. वर्षोगणती दाबून दाबून गोट्यासारखा झाला होता. खुरपं लावलं तर निघे ना, जोर केला तर रंगाले ओरखडा, अन् ओरखडा पडला का मामाजी ओरडत. मंग मी ओले पोते अंथरून ठेवले. माती भिजे, मी खरवडून काढो, तवर पुढची वाळून जाये. घरात जिकडे पाहा तिकडे चिखल. पोळी लाटतानी नखातून शेण निघे.

"असं कोण करते?" मी रोज म्हणे. "इतकी देखणी फरशी टाकायची अन् वरून शेण थापायचं! डोकं फिरलं होतं का यायचं?"

"थंडी वाजत असन पायाले," मामाजी म्हणत. "मोठ्या लोकायचे पाय नाजूक."

गवंडी मोतीराम आला, कमरेवर हात ठेवून उभा राह्यला. "कायले मरता? फोडून टाका, मस्त कोबा करून देतो." मामाजीनं त्याच्याकडे असं पाह्यलं का तो चहा न पेता गेला. अन् आमचे मास्तर! संध्याकाळी शाळेतून येऊन दारातून सांगत, "बाबा, हा सांस्कृतिक ठेवा आहे." मी म्हटलं, "ठेवा आहे तर मंग वाका अन् खरवडा." मास्तर बोलाले लई हुशार, वाकाले नाही. कंबर दुखते म्हणे त्याईची. अन् माही काय लोखंडाची होती?

एवढं करूनही माती गेली तरी रंग काही खुले ना. वरून एक पांढरा पापुद्रा बसेल होता. मले वाटलं, आपले पितळेचे गुंड, तांब्याचे हंडे कायनं चमकतात? चिंचेनं. मी चिंच भिजवली, राख घेतली अन् मामाजी दुपारी लवंडले होते तवर एक अख्खा कोपरा घासून काढला. फस फस फेस आला. मी खूश. म्हटलं, मळ निघून राह्यला. पाणी टाकलं तर काय, मळ नाही, रंगच निघाला! मोरपंखी होतं थे धुतेल लुगड्यासारखं विटकं झालं, हात लावला तर खरबरीत.

मामाजी उठून आले. डोळ्याले धड दिसत नव्हतं, पण हात फिरवला अन् समजलं.

"भांडं हाये का हे? आं? भांडं हाये?"

"मंग तुमीच घासा!" मी काथ्या फेकून देल्ला. "तीन पिढ्या शेणातच गेल्या आपल्या, आता घरात येऊनही शेणच काढाचं? नाही पाह्यजे मले तुमची फरशी. बुजवून टाका पुन्हा!"

मी चुलीपाशी जाऊन रडली. रागानं, दुसरं काही नाही. अर्ध्या घंट्यानं कानावर खर खर आवाज आला. पाह्यलं तर म्हातारा स्वतः ओणवा होऊन खरवडून राह्यला होता. एक डोळा मिटेल, नाक जमिनीले टेकेल, जिथं माती नव्हती तिथंही खरवडे. काय करता? मी गेली, खुरपं हातातून घेतलं अन् बसली.

मंग नुसतं पाणी अन् काथ्या, पाणी अन् काथ्या. चिंचेचं नाव नाही. शेवटी मामाजीनं जवसाचं तेल आणलं. गाडीचं जू, दांडी त्यानंच चोपडत होते ते. फडक्यानं थोडं थोडं जिरवलं, तर काय सांगू तुमाले, रंग वर आला! कोपरा विटका राह्यला, माह्या पहारीचा तडा राह्यला, पण चार-चार जोडून लाल फुलं पुऱ्या माजघरात उमलली. मामाजी मधात उभे राह्यले. खाली पाहत, मंग चष्मा काढून पाहत, मंग पुन्हा घालून.

"हेच," ते म्हणाले. "हेच, बने."

माही सगळी कटकट त्या दिवशी फिटली. खोटं काऊन सांगू?

आता गल्लीतल्या बाया आमच्याशी बोलत, पण ओट्याखालूनच. आत कोणी आली नव्हती. तेल लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाई आल्या. पिकेल म्हातारी, त्याच गल्लीत लग्न होऊन आलेली. फरशीचं कानावर गेलं असन. उंबऱ्यापाशी येऊन आत डोकावल्या.

"अवं माय! हेच थे!" त्या म्हणाल्या. "मी नवी नवरी होती तेव्हा याच फरशीवर जेवली. एकच पंगत झाली बापा. मंग म्हातारीनं सारवून टाकली."

"कोणती म्हातारी?" मी विचारलं.

"शेठची माय."

"पण काऊन? एवढी चांगली फरशी!"

वच्छलाबाई मामाजीकडे पाहून हसल्या. त्याईच्या मनात काही वाकडं नव्हतं, जुनी मजेची गोष्ट सांगावी तसं सांगून राह्यल्या होत्या. "दयाराम, तूच तर सांगितलं होतं शेठले. का पेट्या पूर्णेत भिजल्या, मी एकेक फरशी हातानं धुतली म्हणून. शेठ चूप बसला. पण पंगत झाल्यावर दिवाणजीनं म्हातारीच्या कानावर घातलं. तिनं अन्न सोडलं! सोवळ्याचा सैपाक, देवाचा नैवेद्य, सगळं त्यावरच झालं होतं ना. मंग शेण आणलं. दर पंगतीले सारवण, दर सणाले सारवण. शेठचं काही चाललं नाही तिच्यापुढं."

मामाजी उभे होते ते भिंतीले धरून खाली बसले. "मी तं इमानानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "माल भिजेल आला असं त्याईले वाटू नये म्हणून."

माह्या अंगाची आग झाली. बंद पेटीले हात चालला. गाडीत चढवली, ओट्यापाशी उतरवली, तेव्हाही चालला. अन् धुतली म्हणून बाटली! इतके दिवस मी नखं तुटेतो जे खरवडून राह्यली होती, थे माह्या सासऱ्याच्या हाताच्या भेवानं थापेल होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाजीनं मले हात केला. चूप.

"वच्छलाबाई," ते म्हणाले. जन्मभर बाईसाहेब म्हणत आले होते त्याईले. "बाहेर काऊन उभ्या? आत या. बसा फरशीवर. बनी चहा टाकते."

वच्छलाबाईनं लुगड्याचा घोळ वर धरला. एक पाय उचलला. खाली पाह्यलं, मंग मामाजीच्या हाताकडे पाह्यलं, अन् तो पाय मागं घेतला.

"नाही गा बापा," त्या म्हणाल्या. "तेल लावेल हाये ना. पाय घसरन माहा." अन् निघाल्या.

मामाजी फरशीवर तळवा टेकवून बसले होते. तो उलटा करून त्याईनं मले दाखवला. "ओला हाये का, बने? मले दिसत नाही."

कोरडा होता. ठक्क कोरडा.

मी तशीच ओट्यावर धावली. वच्छलाबाई आपल्या दारापाशी पोचल्या होत्या. "वच्छलाबाई!" मी पुऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं ओरडली. "तेल कालच जिरलं! कोरडी हाये फरशी! ऐकू येते का? कोरडी हाये!"

त्याईनं मागं पाह्यलं नाही. आतून कडी लागली. मी ओट्यावर उभी राहून पुन्हा ओरडली.