दोन मिनिटं हात वर

ढिंच्याक हे त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. ते थोरल्या बहिणीनं ठेवलं आणि कागदावरचं मागे पडलं. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करी, संध्याकाळी हेडफोन चढवून लॅपटॉपवर संगीत रची. एखाद्या रेकॉर्ड कंपनीनं ते प्रसिद्ध करावं, एवढंच सात वर्षं त्याचं म्हणणं होतं. एकशे चार कंपन्यांना पाठवून झालं होतं. साधा नकार आला तरी त्याला हुरूप येई. निदान कुणीतरी आहे तिकडे.

अडचण अशी, की कंपन्या पहिलं अर्धं मिनिट ऐकतात आणि त्याचा ठेका पडायला दोन मिनिटं लागत. तोवर नुसती घुमघुम.

"दारं नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलते का?" तो विचारी.

"मी जिन्यानं जाते," ताई म्हणे.

शेवटी एकशे पाचवीनं होकार दिला. अट एकच: गाणं आधी कुठंही प्रसिद्ध झालेलं नसावं.

तो धावत ताईच्या वर्गात पोचला आणि एका दमात होकार, अट सगळं सांगून मोकळा झाला. ती निवृत्त मंडळींना गुडघ्यांचे व्यायाम शिकवी.

"अरे, ते होय? वर्गाच्या व्हिडिओला लावून इंटरनेटवर कधीच टाकलंय मी. तूच पाठवलं होतंस ना, कसं वाटतं म्हणून?"

"ताई! आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढते. पण यांना तू सांग."

समोर बारा जण हात वर करून उभे होते. घुमघुम चालू होती. दोन मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग ठेका पडला आणि बारा गुडघे एकदम वर आले. ठेक्यापर्यंत थांबलेली माणसं तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होता.

"आमचं गाणं काढून घेताय म्हणे?" पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दरडावलं.

"छे हो," तो बोलून गेला.

घरी येऊन त्यानं कंपनीला खरं ते कळवलं: गाणं प्रसिद्ध झालंय, एकोणीस जणांनी पाहिलंय, काढता येणार नाही. आणि तोंड पाडून एकशे सहावीचा पत्ता शोधायला बसला.

तासाभरात उत्तर आलं. एकोणीस म्हणजे काही प्रसिद्धी नव्हे, मालकानं लिहिलं होतं. आमच्या मागच्या रेकॉर्डला चौदा श्रोते मिळाले. करार सोबत जोडला आहे.

ताईनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे आपण पाचानं पुढे," ती म्हणाली. "त्यांचे गुडघे कसे आहेत, विचार जरा."