अकोल्यात नळ आले तेव्हा

सई आणि अर्णव, हे मुख्यतः तुमच्यासाठी लिहिते आहे. या सदराचे वाचक सोबत वाचतीलच. तुम्ही मागे व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "आजी, तू कधी भूत पाहिलंस का?" आणि मी हसून विषय बदलला होता. भूत मी पाहिलेलं नाही. पाहीन असंही वाटत नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगू लागलं की मी आधी विचारायचे — नाडी किती होती? मोजली का? यामुळे आमच्या नात्यातल्या बायका माझ्यासमोर असले विषय काढत नसत.

तर जे घडलं ते मी मोजलेलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

माझी मोठी बहीण कुसुमताई — तुमच्या आईची मावशी — अकोल्याला जुन्या शहरात एकटी राहायची. तेव्हा वय चौऱ्याहत्तर. मुलगा विनय पुण्याला नोकरीला. त्या वर्षी हिवाळ्यात ताई आठ दिवसांसाठी माझ्याकडे अमरावतीला आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलता सोलता खाली पडली. मेंदूत रक्तस्राव. दहा दिवस आयसीयूत काढल्यावर ती स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागली, पण शुद्ध आली नाही. गळ्याला छिद्र करून नळी बसवली होती. मग तिला वेगळ्या खोलीत हलवलं आणि मला दिवसभर जवळ बसायची परवानगी मिळाली.

तिथले डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसत्या बसणार नाही हे मला माहीत आहे. नोंदी ठेवा."

ठेवल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर पंधरा मिनिटांनी. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. मग पापणी हलकेच उचलून, टॉर्च न लावता, शेजारी काळ्या गोलांचं मापाचं कार्ड धरून बाहुली किती मोठी आहे ते लिहायचं. खिडकीचा पडदा रोज सारखाच ठेवायचा, कारण उजेड बदलला तर बाहुली बदलते.

तुम्हाला थोडं समजावून सांगते. मेंदूच्या देठात, मानेच्या जरा वर, जागेपण सांभाळणारा एक लहानसा भाग असतो. माणूस कितपत जागा आहे, हे तिथून ठरतं. तो भाग चेतला की तीन गोष्टी सहसा एकत्र बदलतात. श्वासाची लय बदलते, बाहुली मोठी होते आणि मेंदूच्या लहरी — ज्या गाढ झोपेत मोठ्या आणि संथ असतात — बारीक आणि जलद होतात. अवघड गणित सोडवताना अर्णवच्या डोळ्यांत बघ सई, बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसतील. ताईच्या लहरी संथ होत्या. श्वास मिनिटाला सोळा, बाहुली तीन मिलिमीटर. दिवसच्या दिवस तेच.

मंगळवारी दहा पन्नासच्या सुमारास ताईची छाती भरभर हलताना दिसली, म्हणून ठरल्या वेळेआधीच मोजलं. श्वास चोवीस. बाहुल्या पाच. दहा-बारा मिनिटं टिकलं आणि पुन्हा सोळा, तीन. मी नर्सला विचारलं — औषध दिलं का? नाही. कफ काढला होता का? नाही. ताप नव्हता. खोलीत मी एकटीच होते आणि बोलतही नव्हते. रविवारी दुपारी तीन वीसला पुन्हा तसंच. मग गुरुवारी, एक दहाला. मधल्या दिवसांत आणखी दोनदा श्वास वाढला होता, पण एकदा कफ काढताना आणि एकदा व्यायाम देताना. त्याचं कारण समोर होतं. या तीन वेळांचं कारण सापडेना. मी लाल पेनने खुणा करून ठेवल्या.

त्या गुरुवारी संध्याकाळी शहनाजचा फोन आला. ताईची अकोल्याची शेजारीण. तिचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. भिंतीला भिंत लागून घर. वीस वर्षांत दोघींची भांडणं जेवढी झाली तेवढ्याच एकमेकींकडे वाट्याही गेल्या. ताईच्या घराची किल्ली तिच्याकडे होती.

"मावशी, काकूची तब्येत कशी हाय वो?"

"तशीच गं."

"अल्ला करो... बरं, काकूच्या टाक्या भरून ठेवल्या बरं मी. घरी येतीन त पानी पायजे ना. आज नळ आले, एक वाजून दहा मिनटाले."

इथे सांगायला हवं की आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी येतात, आणि कधी येतील ते कुणालाच माहीत नसतं. दिवसाची कोणतीही वेळ. ज्याला आधी कळेल तो गल्लीत ओरडतो, आणि हातातलं काम टाकून सगळे धावतात. ताई तर दुपारच्या झोपेतूनही त्या हाकेला ताडकन उठायची.

एक दहा. वही माझ्या मांडीवरच होती.

"शहनाज, त्याच्या आधी कधी आले होते?"

"थांबा, क्यालेंडरवर लिवलं हाय." तिथे सगळ्याच घरी लिहितात, पुढची वेळ ताडायला. "हां... रविवारी तीन वीस. अन त्याच्या पयले मंगळवारी, दहा पन्नास. काहून वो?"

मी वहीतल्या लाल खुणा एकेक करून पुन्हा पाहिल्या. ती पुढे आपल्याच नादात बोलू लागली. "एक सांगू? हसान मले. नळ आले का अजून बी मी भितीवर थाप मारते — ओ काकू, नळ आले नाऽऽ! घरात कोनी नाई, कुलूप लागेल हाय, तरी तोंडातून निंगतेच. वीस वर्साची आदत हाय. माया पोरगा म्हनते, अम्मी, पागल झाली का?"

"तू कितीदा ओरडलीस?"

"नळ आले तितक्या बार. तुमी कॉलेजवाल्या बाया, प्रत्येक गोष्टीचा हिसाब मांगता बाप्पा!"

तिला मी काहीच सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी नळ आले की मला लगेच फोन करू नकोस, संध्याकाळी सांग. हा प्रयोगाचा साधा नियम आहे. मला आधी कळलं तर माझं मोजणं बिघडेल.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी ताईचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, ठेवला होता. त्यावरून पुढचं ठरणार होतं. विनय त्याच रात्री पुण्याहून येणार होता आणि त्याच्या मनात आईला अकोल्याला घरी न्यायचं होतं — सगळे उपचार थांबवून. त्यात त्याचा दोष नव्हता. ताईनेच त्याला अनेकदा बजावलं होतं, "मले मशीनले बांधून ठेवू नोको."

पावणेबाराला टेक्निशियनने ताईच्या डोक्याला तारा लावल्या. अर्धा तास पडद्यावर त्याच मोठ्या, संथ लहरी. सव्वाबारा झाले तसा तो तारा सोडवू लागला.

"थोडं थांबा ना," मी म्हटलं.

"मॅडम, रेकॉर्डिंग झालं. अन माझा डब्बा थंडा होऊन राहिला."

"दहा मिनिटं. माझ्यासाठी."

त्याने तोंड वाकडं केलं, पण थांबला. बारा पंचवीसला ताईच्या छातीची हालचाल बदलली. मी मोजायला लागले आणि तेवढ्यात तोच म्हणाला, "अरे..." पडद्यावर लहरी बारीक आणि दाट झाल्या होत्या. श्वास पंचवीस. बाहुल्या पाचाहून थोड्या जास्त. अकरा मिनिटांनी सगळं ओसरलं.

संध्याकाळी शहनाज म्हणाली, "आज साडेबाराच्या पाच मिनटं आधी."

माझ्या पद्धतीतले दोष मला माहीत आहेत. चारच वेळा. तिचं घड्याळ आणि माझं घड्याळ कधी जुळवलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या मधल्या जागेत नजरेतून काही निसटलंही असेल. विद्यार्थ्याने असा प्रयोग आणला असता तर मी परत पाठवला असता. पण अमरावती ते अकोला नव्वदेक किलोमीटर आहे, आणि तिथल्या भिंतीवरची थाप इथे ऐकू येत नाही.

डॉक्टरांनी ईईजी पाहिला. मी त्यांना फक्त लाल खुणा दाखवल्या. नळाचं बोलले नाही — धीर झाला नाही. ते म्हणाले, "बदल आहे, मॅडम. पण असे चढउतार आपोआपही होतात. यावरून त्या शुद्धीवर येतील असं मी म्हणणार नाही. विनयला हे असंच सांगा. उद्या मी बाहेरगावी आहे."

विनय रात्री पोचला तो थेट दवाखान्यात. आईच्या पायाशी बराच वेळ उभा राहिला. मग मला बाहेर घेऊन आला.

"मावशी, तू हे आयुष्यभर शिकवलंस. मला फक्त एक सांग. डॉक्टर काय म्हणाले? मी थांबू का?"

मी म्हटलं, "रिपोर्ट आशादायक आहे म्हणाले. तीन आठवडे थांब."

तो थांबला. माझ्या शब्दावर विसंबून त्याने डॉक्टरांना पुन्हा विचारलंही नाही. सतराव्या दिवशी सकाळी अंग पुसताना ताईने डोळे उघडले. त्या दिवशी अकोल्यात नळ आले नव्हते, मी मुद्दाम विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेळ घेऊन असे रुग्ण कधीकधी जागे होतात. ते खरं आहे. पुस्तकातही आहे.

ताई आता अकोल्यात आहे. चार-सहा शब्द बोलते, माणसं ओळखते. उजवा हात गेला तो गेलाच. कधी शहनाजच्या नातवाला पाहून खुदकन हसते, आणि कधी त्या हाताकडे बघत तासभर रडते. तिला काही आठवत नाही. नळाच्या दिवशी मी तिच्याजवळ बसून तीनदा मोजलं आहे. शहनाज भिंतीपलीकडून नेहमीसारखी ओरडते. श्वास सोळाच राहतो. बाहुली हलत नाही. मग तेव्हा काय झालं होतं? मला माहीत नाही. चार आकडे आणि चार आकडे शेजारी शेजारी आहेत, याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि आता या वयात सांगता येईल असंही दिसत नाही.

विनय दर दिवाळीला माझ्या पाया पडतो. म्हणतो, "मावशी, तू सायन्सवाली होतीस म्हणून आई आहे." मी आशीर्वाद देते आणि चहा टाकायला आत जाते.

सई, अर्णव, हे छापून आलं की विनयमामालाही पाठवा. मला समोर बसून सांगता आलेलं नाही. विनय, त्या रात्री डॉक्टरांनी 'आशादायक' म्हटलं नव्हतं. तो शब्द माझा होता, आणि माझ्याकडे त्याला शहनाजच्या कॅलेंडरपलीकडे आधार नव्हता. ताई रडते त्या दिवशी तिने मशीनबद्दल बजावलेलं मला आठवतं. तुझ्याकडून मी निर्णय काढून घेतला. रागावायचं असेल तर रागाव.