धनीबाईनं पाहिलेले तळहात

पंचायतीत धनीबाईच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. चोरीचा आळ आला की तळहातावर पिंपळाची सात पानं ठेवायची, त्यावर तापवलेली कुऱ्हाड, आणि सात पावलं चालायचं. फोड आला तर चोर, नाही आला तर साव. आधी आणि नंतर हात बघायचा मान धनीबाईचा. रिसोडकडच्या त्या वस्तीत तीस वर्षं तिनं हे केलं; बाकी जन्म ऊसतोडीत गेला.

त्या दिवशी शेजारची नवी सून निकिता उभी होती. वाशीमला नर्सिंग शिकलेली पोर. सासूचे चांदीचे तोडे हरवले आणि बोट हिच्याकडं गेलं. फोड आला की वस्तीबाहेर. धनीबाईनं तिचा हात धरला आणि बाई चरकलीच. केवढा मऊ! असाच हात तिनं तीन वर्षांपूर्वी धरला होता, दीड महिना बाळंतिणीच्या खाटेवर पडलेल्या भागिरथाचा. फोड आला, धनीबाई "चोर" म्हणाली, आणि भागिरथा तान्हं लेकरू घेऊन गेली ती गेलीच.

अरे देवा! म्हणजे आपण काय बघत होतो इतकी वर्षं? धनीबाई पंचाच्या खाटेला टेकली.

"थांबा," ती म्हणाली. "पह्यले मले द्या."

"येडी झाली का वं?" पंच रतनसिंग खेकसला. "तुह्यावर कायचा आळ?"

"कायचाबी घ्या. मी चोर नाई, शपथेवर सांगून राह्यली."

तिनं कुऱ्हाड घेतली, सात पावलं चालली, टाकली. कोयता धरून धरून निबर झालेला हात. एक फोड नाही.

"साफ!" रतनसिंग म्हणाला.

धनीबाईनं कमरेला खोचलेली चंची काढली. "हे कोनाची?"

रतनसिंगनं खाट चाचपली. त्याची तंबाखूची चंची तिथं नव्हती.

"मंघाशी तू इस्तवाकडं पाहून राह्यला होता, तवा उचलली. चोरी केली, खोटी शपथ घेतली, अन् हात साफ!"

निकिता मटकन खाली बसून रडायला लागली.

"कातड्याले काय समजते रे चोरी?" धनीबाई ओरडली. "आता भागिरथाले कोन आनून देते? बोल ना!"

धनीबाईनं चंची रतनसिंगच्या पुढ्यात टाकली.

"तिचं लेकरू," ती म्हणाली, "आता तीन वर्साचं झालं असन."