मी सही केली नाही

शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्या मुलीची बाही सगळ्यांसमोर कोपरापर्यंत वर ओढली. "बघा, काय करून घेतलंय स्वतःला." केबिनमध्ये वर्गशिक्षिका होत्या, दुसऱ्या मुलांचे आईबाप होते, चहा घेऊन आलेल्या मावशी होत्या. सगळ्यांनी तिच्या हातावरच्या खुणा बघितल्या. मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितल्या.

पोर तेरा वर्षांची. पनवेलच्या मोठ्या इंग्रजी शाळेत, राखीव जागेवर. मी तळोज्याला कंपनीत पॅकिंगला. ड्युटीवरूनच बोलावून घेतलेलं.

"तुमच्या वस्तीत चालत असेल हे. इथे चांगल्या घरची मुलं येतात."

मोठ्या बाईंनी कागद पुढे सरकवला. दाखला स्वखुशीने नेत असल्याचा अर्ज. "सही करा."

भीतीनेच माझा हात उठला. पोरीवर. हे लपवणार नाही. तिने नुसते डोळे मिटले. रडली नाही, मागे सरली नाही. सवय असल्यासारखी उभी.

हात तिथेच थांबला. तिची बाही मी खाली केली.

"सही नाय करनार. पोर दुखात हाय माझी. तिनं गुन्हा नाय केला."

"आवाज खाली!"

"नाय करनार."

बाहेर फाटकाशी आम्ही कट्ट्यावर बसलो. विचारलं तर नसलेलं तिच्या डोक्यात येईल, असं वाटत होतं. तरी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

"कधी कधी."

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. मग तीच बोलली, "वर्गात कुनी बाजूला बसू देत नाय, आई. तुला सांगितलं असतं तर तू मारलं असतंस."

खरं होतं ते.

तशीच तिला सरकारी दवाखान्यात नेली. मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडू नका, शपथा घालू नका. इजा होईल असं काही तिच्या हाती लागू देऊ नका. सध्या एकटं सोडू नका. दर आठवड्याला आणा.

घरी नवरा म्हणाला, "लोकं काय बोलतील?"

"बोलू देत. तू पोरीशी बोल."

ती बरी झाली, असं मी सांगणार नाही. मोरीचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं की अजून मी उठून दाराशी जाते. पण तिला शाळेतून काढणार नाही. तिच्यावर हात टाकणार नाही. रोज विचारणार. ती जे सांगेल ते मला ऐकवलं नाही, तरी ऐकणार.