बोरीच्या सरांचा संशय

पूर्णेच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. जुने प्रबंध, वार्षिक अंक, प्रश्नपत्रिका स्कॅन करून ठेवलेला डिजिटल संग्रहही माझ्याकडेच असतो. तो सांभाळायचा तर सॉफ्टवेअरच्या सूचना, नवे नियम, कार्यशाळा यांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि हे सगळं असतं दहा ठिकाणी विखुरलेलं. एकदा सुरक्षेची एक सूचना माझ्या नजरेतून सुटली आणि आमचा संग्रह आठवडाभर बंद पडला. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत, चुकत-माकत शिकून, या सगळ्या सूचना आपोआप एका पानावर गोळा करणारी वेबसाइट उभी केली. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या ग्रुपवर तिची लिंक टाकली.

दोघा-तिघांनी हात जोडले. बोरीच्या कॉलेजातले ग्रंथपाल, निवृत्तीला आलेले, त्यांनी एवढंच लिहिलं, "म्याडम, हे फुकट कशाला करायलात?"

"सगळ्यांच्या सोयीसाठी, सर," मी लिहिलं.

चार दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. "बोरीहून फोन होता. तुमच्या वेबसाइटला कॉलेजची परवानगी आहे का, असं विचारत होते. आहे का?"

नव्हती. सुट्टीत घरी बसून केलेल्या कामाला परवानगी लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज लिहून दिला. पण तेव्हापासून मला सगळीकडे तेच सर दिसू लागले. एका सकाळी वेबसाइटचं अर्धं पान कोरं दिसलं, तर पहिला संशय त्यांच्यावर. खरं तर एका संस्थेनं आपल्या साइटचा पत्ता बदलला होता. हे कळल्यावरही मी पासवर्ड बदललाच.

शेवटी एका शनिवारी परभणीला गाडी बदलून बोरी गाठली. सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि खणातून वही काढली. माझ्या साइटवरची एकेक लिंक त्यात लिहिलेली, पुढे लाल खुणा.

"ही उघडत न्हाई. ही सूचना जुनी हाय, तुमी नवी म्हणून टाकली."

"मग मला सांगायचं ना सर. प्राचार्यांना फोन कशाला?"

त्यांनी वही मिटली. "मागं एकजण असाच आला व्हता. सगळ्यांचं एका जागी आणतो म्हणला. आमच्या जुन्या अंकांचं स्कॅन नेलं आन् पानापानावर सोताचा शिक्का मारला. तवापासून फुकट म्हणलं की भ्या वाटतंय."

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर दाखवलं. माझ्या पानावर फक्त मथळा येतो, फाइल ज्याची त्याच्याकडेच राहते. त्यांनी स्वतः क्लिक करून खात्री केली. एकदा नव्हे, तीनदा.

"आन् उद्या तुमची नियत फिरली तर?"

मी चहा संपवला.

त्यांच्या संग्रहात नवं काय आलं तेही माझ्या पानावर दिसावं म्हणून त्यांनी फक्त प्रश्नपत्रिकांच्या विभागाचा पत्ता दिला. अंकांचा नाही. कॉलेजची परवानगी पुढे मिळाली. बिघडलेल्या लिंक तपासण्याचं काम आता सरच करतात, आणि माझ्यापेक्षा नीट करतात. दुरुस्तीचे अधिकार मी त्यांना दिलेत. काही काढून टाकण्याचे मात्र दिले नाहीत. परवा त्यांनी फोनवर त्याबद्दल विचारलं.

"ते राहू द्या सर," मी म्हणाले.

"राहू द्या," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असं आवाजावरून तरी वाटलं नाही.