पाच नंबरच्या टेबलावर गार होणाऱ्या प्लेटी

पाच नंबरच्या टेबलावर गेलेली पहिली प्लेट तशीच पडून होती. दुसरी गेली, तिचंही तेच.

"शेफ, कोणी हातच नाही लावून राहिलं," वाढणाऱ्या मंदाताई आत येऊन म्हणाल्या.

भंडाऱ्यात मी एका जपानी रेस्टॉरंटचा शेफ आहे. त्याआधी वीस वर्षं पुण्यात हेच काम केलं. जपानी म्हटलं की लोकांना कच्चा मासा आठवतो. आमच्याकडे तो नाही. आमचं इझाकाया, म्हणजे छोट्या प्लेटींचा अड्डा. कोळशावर भाजलेलं चिकन, तळाशी खरपूस केलेले मोमोसारखे ग्योझा, असं जे तयार होईल ते गरमागरम टेबलावर जातं. सगळ्यांनी मधल्या प्लेटमधून उचलायचं, गप्पा मारायच्या, आणखी मागवायचं.

त्या रविवारी सकाळीच मालकीण मेश्राम मॅडम म्हणाल्या होत्या, "आज दुपारी बारा जणांची पार्टी आहे. जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून थाळी सुरू करू, भाऊ."

थाळी सुरू म्हणजे मी घरी. पन्नाशीत पुन्हा पुणे गाठायची माझ्यात हिंमत नव्हती.

पार्टी जवाहरनगरच्या बोरकर काकांची. फॅक्टरीतून रिटायर झाले म्हणून अख्खं घर घेऊन आले होते.

मंदाताईंचं ऐकून मी सॉस चाखला. मीठ बरोबर होतं. चिकन मऊ होतं. मग माझं डोकं तापलं. खायचं नव्हतं तर आले कशाला? रागारागात आणखी तीन प्लेटी पासवर ठेवल्या. पास म्हणजे तयार प्लेटी ठेवायचा कट्टा. तिथे मॅडम येऊन उभ्या राहिल्या आणि प्लेटी मोजू लागल्या.

शेवटी ॲप्रनवरच बाहेर गेलो. पाच प्लेटी समोर, आणि बारा माणसं हात धुऊन शांत बसलेली. एका नातवाने हात पुढे केला तशी काकूंनी त्याला दटावलं, "थांब नं, पुरं येऊ दे."

"काका, काही चुकलं काय?"

"नाही जी. वास तं मस्त येऊन राहिला."

"मग घेत काहून नाही?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अजून येऊनच राहिलं नं! सगळ्यायचं वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेते काय?"

मी मूळचा याच जिल्ह्यातल्या सानगडीचा. पंगतीत सगळ्यांच्या पानात भात पडून 'होऊ द्या' ऐकू येईपर्यंत थांबायचं असतं, हे न पाळल्याबद्दल मी लहानपणी आईचे धपाटे खाल्ले आहेत. फार लाज वाटली.

आत जाऊन बारा वाट्या गरम भात भरला. गार प्लेटी उचलून ताज्या पाठवल्या. प्रत्येकासमोर वाटी पोचल्यावर टेबलाशी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सगळ्यांचं आलं. होऊ द्या आता सावकाश!"

बारा हात एकदम पुढे आले. त्यानंतर एकही प्लेट थांबली नाही. पंगत एकदा बसली की वाढपी फिरतोच, त्याचं कोणाला नवल नसतं. इतका कालवा झाला की काकांना ओरडून सांगावं लागलं, "ते कोंबडीचं अजून आना जी!"

थाळी सुरू झाली नाही. आता प्रत्येक टेबलावर आधी भाताच्या वाट्या जातात. जपानात इझाकायात भात शेवटी घेतात. कोणी जपानी आलाच भंडाऱ्यात, तर त्याला समजावून सांगू.

त्या रविवारी चार वाजता स्टाफ जेवायला बसला. मी ताट समोर घेऊन बसलो होतो.

"जेवत काहून नाही, शेफ?" मंदाताईंनी विचारलं.

"तुमचं कुठे वाढून झालंय अजून?"

त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "होऊ द्या."