एक जूनच्या बायका

आमच्या विद्यापीठाच्या कर्करोग संशोधन केंद्रात नव्या शास्त्रज्ञांना तीन वर्षांची फेलोशिप मिळते. तेवढ्या काळात एक शोधनिबंध पाठवला तरच मुदत वाढते. केंद्रप्रमुख म्हणून त्यावर माझी सही लागते, आणि सहीआधी मूळ तक्ता वाचायची मला सवय आहे. मुलं त्याला कंटाळतात.

एका वर्षी सातारा शहरातल्या एका मुलीचा निबंध आला. मिश्री लावणाऱ्या बायकांना तोंडाचा कर्करोग इतरांपेक्षा कमी वयात होतो, असा तिचा निष्कर्ष होता. काम नेटकं होतं. मुदतीला नऊ दिवस उरले होते. तक्त्याच्या पहिल्या पानावर पंचवीस ओळी होत्या. त्यात अकरा जणींची जन्मतारीख एक जून.

मी तिला बोलावलं.

"मॅडम, तारखा आधार कार्डावरून घेतल्यात. एकही माझ्या मनाची नाही."

"माहीत आहे. माझ्याही कार्डावर एक जूनच आहे."

ती दवाखान्यात जन्मलेली, तिला समजावून सांगावं लागलं. आमच्या कुंडल गावी शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट सहा वर्षं धरत आणि एक जून लिहीत. मी धाकट्या भावाला सांभाळत घरी राहिले, आठव्या वर्षी शाळेत गेले, तरी कागदावर सहाचीच. तक्त्यातल्या मिश्री लावणाऱ्या बहुतेक बायका खेड्यातल्या, न लावणाऱ्या बऱ्याचशा शहरातल्या. त्या कागदावर दोन वर्षांनी लहान असतील, तर आजारही दोन वर्षं लवकर आल्यासारखा दिसणार.

"मग माझ्या निष्कर्षात उरलं काय?"

"ते विचारून यावं लागेल."

रविवारी आम्ही दोघी आटपाडीकडे गेलो. तक्त्यातली एक बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"आवं, मास्तरानं आमच्या अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तवा मी झोळीत होते."

मुलीनं वहीत वजाबाकी केली. कार्डापेक्षा दोन वर्षं जास्त.

"आन् बाई, तुमचं कसं?" त्या बाईनं मला विचारलं.

"माझाही एक जून."

"मग लय दिवसांनी वर्गातली गावली म्हणायचं."

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "उरलेल्या दिवसांत सगळ्यांकडे जाणं होणार नाही. तळटीप टाकू या का, वयात थोडा फरक असू शकतो म्हणून?"

"थोडा म्हणजे किती, ते लिहिता येईल?"

तिनं वही उघडली आणि उरलेल्या बायकांची गावं लिहायला घेतली.

मी विद्यापीठाच्या समितीला पत्र लिहिलं. निबंध का थांबवला ते लिहिलं. तिची प्रश्नावली सुरुवातीला मीच तपासली होती, आणि स्वतः एक जूनची असून जन्मतारखेच्या रकान्यावरून तशीच पुढे गेले होते, तेही लिहिलं. समितीनं सहा महिने दिले. ती गावोगाव फिरली. वयं दुरुस्त झाल्यावर फरक बराच आटला, पण पुसला गेला नाही. निबंध लहान झाला, तरी गेला, आणि तिची मुदत वाढली.

आता आमच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे: वय कशावरून धरलं? पहिला फॉर्म तिनं माझाच भरून पाहिला. त्यासाठी माझ्या आईला फोन लावला.

"एक जून?" आई तिकडून म्हणाली. "ऊसतोड चालू हुती तवा झाली ती. जूनमधी कुठली आलीय ऊसतोड?"